टॉर्चला पत्ता कशाला हवा?

४ जानेवारी

साहेब,

सुरुवातीलाच अडलो. आधी सवयीने 'चि. सौ.' लिहिलं आणि खोडलं. मग नुसतं 'चि.' ठेवून पाहिलं, तर ते दात पडल्यासारखं दिसायला लागलं. दोन कागद वाया गेले. शेवटी म्हटलं, तू सून होतीस तेव्हाही कॉम्प्युटरच्या बाबतीत मी तुला साहेबच म्हणायचो, आणि हे पत्रही कॉम्प्युटरबद्दलच आहे. कोर्टाच्या कागदाने तुमचं लग्न मोडलं असेल, ही नेमणूक मोडल्याचं कुठे वाचलं नाही.

तर साहेब, जुना कॉम्प्युटर गेला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी बटण दाबलं, पंखा घरघरला आणि पडदा काळा. तू शिकवल्याप्रमाणे तीनदा बंद करून चालू केला. मग तू शिकवलं नव्हतंस तसा दोनदा थोपटला. तुझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, म्हातारा झाला तो. तुम्हाला तरी कुठे सकाळी हाक मारल्याबरोबर उठता येतं?"

शेवटी नवा घेतला. त्याच्याबरोबर मला नवा फोन आणि हिला एक टॅब. दुकानातल्या बाई फार उत्साही. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये एकतीस प्रोग्राम घालून दिले आहेत. त्यातले चार माझ्या ओळखीचे. एक प्रोग्राम साफसफाई करतो, आणि दुसरा मधूनच उगवून सांगतो की पहिला नीट साफसफाई करत नाही. आमच्या मोजणी ऑफिसातही असे दोघे होते, पण त्यांना निदान पाच वाजता घरी जावं लागायचं.

तुझा कागद अजून आहे. कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलाय. वर 'बाबांसाठी', आणि खाली पाच ओळी. रोज लागत नाही ते लावू नका. फुकट आहे म्हणून घेऊ नका. एका कामाला एकच हत्यार. सगळ्याच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर. आणि शेवटची: जे कारण नसताना विचारतं ते काढून टाका, टॉर्चला तुमचा पत्ता कशाला हवा? या ओळी नव्या मशीनलाही चालतील का, एवढंच विचारायचं होतं.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही कशाला हात लावू नका. मी फेब्रुवारीत येतो आणि जुन्या फोनमधलं सगळं नव्यात आणून देतो." पण त्याला कशाला त्रास? माझ्या फोनमधलं माझं मलाच हलवायचं आहे. ते कसं करायचं तेवढं कळव.

घराबाहेरची प्रत तुझ्या प्रयोगशाळेतल्या खणात असायची. दोन-सव्वादोन वर्षांत ती डिस्क राहिली की गेली, हे विचारायला मला संकोच वाटतो, म्हणून विचारत नाही.

तू निघालीस त्या दिवशी मला उठता आलं नव्हतं. अपडेट चालू होतं, हे तुला ठाऊकच आहे. मध्येच थांबवलं तर मशीन बिघडतं.

पाकिटावर मजला घातलेला नाही. टपालवाला शोधेल.

बाबा


१३ जानेवारी

साहेब,

उत्तर आलं नाही, पण तुझी कामाची पाळी बदलली असेल आणि वेळ झाला नसेल असं मी हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुम्ही काय अगदी वाचण्यासारखं लिहिलं असणार! साफसफाईचा प्रोग्राम!" तेव्हा आज जरा बरं लिहायचा प्रयत्न करतो.

एकतीसातले एकोणीस काढले. प्रत्येक वेळी तो विचारतो, 'खात्री आहे ना?' आणि 'आम्हाला सोडून का जाताय?' म्हणून सहा कारणं समोर मांडतो, त्यातलं एक निवडा म्हणतो. माणसं जाताना कोणी इतकी चौकशी करत नाही.

लिहायच्या प्रोग्रामचा घोळ झाला. दुकानातल्या बाईंनी घातलेला दिसायला राजबिंडा, पण माझ्या जुन्या फायली उघडल्या की त्याच्यात अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. दुसरा साधा आहे, त्याची बटणं आगगाडीच्या तिकीटखिडकीसारखी, पण त्याने माझ्या सगळ्या फायली एका दमात उघडल्या. मी साधा ठेवला. नकाशांचा मात्र अजून लागत नाहीये. तू घातलेला तो कुठला होता, ज्यात दोन नकाशे एकावर एक ठेवता यायचे?

पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम घातला. आता त्याचा पासवर्ड कुठे ठेवायचा हा प्रश्न आहे. सध्या जुन्याच वहीत लिहिलाय आणि वही कुठे ठेवली ते हिला सांगून ठेवलंय. ती विसरली आहे.

हिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. म्हणून टॅबवर वर्तमानपत्र वाचून दाखवणारा प्रोग्राम लावून दिला. त्याने विचारलं, आवाज बाईचा हवा की पुरुषाचा? हिने बाईचा घेतला. पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "ही इतक्या घाईने का वाचते? हिला कुठे जायचंय?" मी वेग कमी केला. मग ही अग्रलेखाशी भांडायला लागली, आणि ती बाई उत्तर न देता पुढची ओळ वाचते म्हणून आणखी चिडली. संध्याकाळी टॅब बाजूला ठेवून मला म्हणाली, "यात आपल्या पोरीचा आवाज घालता येतो का हो?" मी म्हटलं, नाही येत. पोरगी म्हणजे हिच्या लेखी अजून तूच.

आणि हो, तुझा पत्ता कुठून मिळाला असं तुझ्या मनात येईल. तुझी एक मैत्रीण बाजारात भेटली होती, तिच्याकडून. फळं घेत होती. निळा ड्रेस होता.

बाबा


२२ जानेवारी

साहेब,

आज मजकूर थोडा आहे. फोनवर काय ठेवायचं ते ठरवत बसलो होतो. फोन हे कॉम्प्युटरपेक्षा आगाऊ जनावर. कॉम्प्युटर आपण बोलावल्यावर येतो, हा खिशात बसून आपल्यालाच बोलावतो.

तुझी शेवटची ओळ मी अगदी कसोशीने लावतोय. गणकयंत्राला माझे फोटो बघायचे होते, काढलं. पट्टी आणि कोनमापक म्हणून एक आहे, त्याला माझ्या ओळखीच्या सगळ्यांचे नंबर हवे होते. माझ्या पट्टीने चाळीस वर्षांत मला असलं काही विचारलं नाही. हवामानवाल्याने मी कुठे आहे ते विचारलं, त्याला हो म्हटलं, कारण मी कुठे आहे हे माहीत नसेल तर तो बिचारा सांगणार कुठली हवा? आणि टॉर्चने, साहेब, खरोखर पत्ता मागितला! मी हिला हाक मारून दाखवलं. आम्ही खूप हसलो. तू असतीस तर 'बघा, सांगितलं होतं ना' म्हणाली असतीस, ते वाक्य हिनेच तुझ्या वतीने म्हणून टाकलं.

मुलगा आठ फेब्रुवारीला, रविवारी येतोय. तो बरा आहे. त्याच्या आयुष्यात आता कुणीतरी आहे. हे तुला तिसऱ्याच माणसाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. चांगली मुलगी आहे. घरी आली होती तेव्हा खिडकीजवळच्या तुझ्या खुर्चीवर बसली नाही, त्याने तिला सांगितलं असावं. तुम्हा दोघांत वाईट कोणीच नव्हतं हे मी तेव्हाही म्हणत होतो, पण मनातल्या मनात. मनातल्या मनात म्हटलेलं कुणाच्या उपयोगाचं?

थंडी वाढली आहे. गुरुवारी पोहून निघालीस की कान झाकत जा. केस ओले असताना पुलावरचा वारा बाधतो.

बाबा


३ फेब्रुवारी

साहेब,

माझी तिन्ही पत्रं आज परत आली. एका मोठ्या पाकिटात, न उघडलेली, आणि सोबत एक चिठ्ठी. बेचाळीस नंबरच्या इमारतीत शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहतात, त्यांची. लिहितात: 'या नावाचं इथे कोणी नाही. कुणी न्यायला येईल म्हणून महिनाभर सांभाळली. मागच्या चव्वेचाळीस नंबरमध्ये प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एक बाई राहतात, त्या असतीलही. पण खात्री नसताना एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात टाकणं मला बरं वाटलं नाही.' असा माणूस शेजारी आहे, तेव्हा तू चांगल्या ठिकाणी राहतेस.

म्हणजे महिनाभर मी उत्तराची वाट बघत होतो आणि तुझ्यापर्यंत अक्षरही पोचलं नव्हतं. मधल्या काळात मी तुला मनात थोडी नावं ठेवली. ती परत घेतो.

आता खरं सांगतो. बाजारात मैत्रीण वगैरे कोणी भेटली नाही. निळा ड्रेस मी शिवला. पत्ता मला फोनवरच्या ठिपक्याने दिला.

आठवतंय ना? तुझी पाळी साडेसातला संपायची आणि मी आठ वाजता गॅलरीत उभा राहायचो. एका थंडीत मला खोकला झाला तेव्हा तू रागावलीस. माझा फोन घेतलास, तुझा घेतलास, काहीतरी जुळवलंस आणि म्हणालीस, "बाबा, हा निळा ठिपका म्हणजे मी. खुर्चीत बसून बघायचं. ठिपका घरावर आला की चहा टाकायचा." मी ऐकलं. तुझा एवढा एकच हुकूम मी खोकला गेल्यावरही पाळला.

मग तू गेलीस आणि ठिपका राहिला. तुझ्याकडून बंद करायचा राहून गेला असणार. गेलीस त्या दिवशी आठ वाजता सवयीने मी फोन काढला. ठिपका पूल ओलांडून पलीकडे गेला आणि एका जागी थांबला. हिने विचारलं, "पोचली का?" मी म्हटलं, "पोचली." त्या दिवसापासून सव्वीस महिने रोज हेच. 'पोचली का?' 'पोचली.' मग आम्ही जेवायला बसतो. गुरुवारी तू पोहायला जातेस म्हणून गुरुवारी आमचं जेवण नऊला. गेल्या वर्षी तुझा ठिपका चार दिवस घरातून हलला नाही, तेव्हा हिने फोन हातातून खाली ठेवला नाही. पाचव्या दिवशी तू कामावर गेलीस आणि हिने घरात गोड केलं. मी कारण विचारलं नाही.

चाळीस वर्षं मी नकाशे काढले. आमच्या ऑफिसात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, कागदावरचा बिंदू म्हणजे जमिनीवरची खूण नव्हे, जाऊन बघून ये. मी गेलो नाही. माझी हिंमत झाली नाही. मी फक्त शहराचा मोठा नकाशा पसरला, भिंग घेतलं, ठिपका कुठल्या इमारतीवर पडतो ते बघितलं आणि ठसक्यात बेचाळीस लिहिलं. फोनचा ठिपका वीस मीटर इकडेतिकडे असतो हे मलाच दुसऱ्यांना सांगायची सवय.

नवा फोन सुरू केला तेव्हा त्याने विचारलं: 'जुन्या फोनवर तुम्हाला एका व्यक्तीचं ठिकाण दिसतं. इथेही दाखवायचं?' खाली दोन बटणं. 'हो' दाबून जुन्यावरचाही ठिपका पुसला गेला तर, या भीतीने ती पाटी मी महिनाभर तशीच ठेवली आहे. आठ तारखेला मुलगा येऊन फोन हातात घेणार, त्याला ती दिसणार आणि त्याला दुखणार. त्याच्या आधी गुपचूप ठिपका नव्या फोनवर आणायचा, एवढ्यासाठी मी तुला पहिलं पत्र लिहिलं. साफसफाईचे प्रोग्राम हे निमित्त.

काल कपाट उघडलं आणि तुझा कागद पुन्हा वाचला. शेवटच्या ओळीपाशी थांबलो. त्या एका ओळीवर मी टॉर्च काढला, पट्टी काढली, गणकयंत्र काढलं. आणि मी स्वतः? मला तुझा पत्ता कशाला हवा? सासरा होतो तेव्हा कारण होतं. आता कारण एवढंच, की तू घरी पोचल्याचं कळल्याशिवाय आम्हा दोघांना घास जात नाही. पण ते आमचं कारण झालं. तुला कोणी विचारलंच नाही. तू पोहायला जातेस, तू आजारी पडलीस, हे आम्ही तुझ्या परवानगीवाचून जाणून घेत राहिलो. यात प्रेम होतं म्हणून चोरी कमी होत नाही.

तेव्हा हे पत्र टाकून आलो की मी 'नको'चं बटण दाबणार आणि जुन्या फोनवरूनही तुला काढणार. तू हो म्हण की नाही म्हण, उत्तर दे की देऊ नकोस, ते आधीच झालेलं असेल.

आणखी एक. त्या दिवशी अपडेट चालू नव्हतं. तू खोलीच्या दारात येऊन "येते बाबा" म्हणालीस तेव्हा मी पडद्यावर पत्ते मांडून बसलो होतो. वर बघितलं असतं तर रडलो असतो, आणि रडलो असतो तर कुणाच्या बाजूने रडलो हे मला मुलाला सांगता आलं नसतं. म्हणून म्हटलं, अपडेट चालू आहे. तू दोन मिनिटं उभी होतीस. मग बुटांचा आवाज जिना उतरून गेला. मी वाईट वागलो, पोरी. मला क्षमा कर.

ही तीन पत्रं फाडून नवीन, शहाणं पत्र लिहायचं मनात आलं होतं. पण आमच्या ऑफिसात चुकीचा नकाशा फाडत नाहीत. त्यावर 'रद्द' लिहितात आणि सुधारलेल्या नकाशाबरोबर त्याच फायलीत ठेवतात, म्हणजे पुढच्या माणसाला चूक कुठून सुरू झाली ते कळतं. तेव्हा निळ्या ड्रेससकट तिन्ही पाठवतोय. प्रत्येकावर तांबड्या शाईने 'रद्द' लिहिलंय. पाकीट प्रयोगशाळेच्या पत्त्यावर टाकतो. तो पत्ता तू स्वतः दिलेला आहेस.

बाबा


९ फेब्रुवारी

साहेब,

पाकीट मिळालं असेल किंवा नसेल. उत्तराची घाई नाही.

म्हटलं होतं खरं, की पाकीट टाकून आलो की लगेच बटण दाबणार. प्रत्यक्षात सात तारीख उजाडली. हिला समोर बसवलं आणि तुझा कागद वाचून दाखवला. ही म्हणाली, "तुम्हाला सगळं पटतं, फक्त उशिरा पटतं." आणि तोंड फिरवून बसली. मी दाबलं. 'खात्री आहे ना?' असं त्याने एकदाच विचारलं. सहा कारणं विचारली असती तर बरं झालं असतं, तेवढाच वेळ गेला असता.

काल मुलगा आला. त्याने तासाभरात जुन्या फोनमधलं सगळं नव्यात आणलं, तिन्ही यंत्रांवर फोटो एकाच जागी दिसतील असं केलं, आणि माझी प्रोग्रामांची यादी बघून म्हणाला, "बाबा, हे तुम्ही स्वतः निवडलंत? चांगलं निवडलंय की!" मी कागदाचं नाव काढलं नाही. पण तो कपाटातून चार्जर काढायला गेला आणि दार उघडं ठेवून बराच वेळ उभा राहिला. तुझं अक्षर तो विसरलेला नाही. मग दार हळू लावलं.

आठ वाजले तशी ही उठून गॅलरीत गेली. तिच्या मागे तो गेला. मला आतून ऐकू येत होतं.

"आई, थंडीत इथे काय करतेस? कुणाची वाट बघतेयस?"

"कुणाची नाही रे. हवा बघतेय."

"हवा टॅबवर दिसते."

"तुझ्या टॅबवर सगळं दिसतं, मला हवं ते सोडून."

मग तोही तिच्याजवळ उभा राहिला. शेवटी मी शाल घेऊन गेलो. आम्ही तिघं रस्त्याकडे बघत होतो आणि कोणीच विचारलं नाही की काय बघताय.

जेवायला बसल्यावर हिच्या तोंडून निघून गेलं, "पोचली असेल ना?" मुलाने मान खाली घातली आणि म्हणाला, "पोचली असेल, आई."

बाबा


२१ फेब्रुवारी, शनिवार

साहेब,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. तू येईपर्यंत हाताला काहीतरी काम हवं म्हणून लिहितोय. आलीस की हातातच देईन.

तुझा नवा कागद सोमवारी आला. हिने तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. टॅबवाल्या बाईला वाचू दिला नाही. जुना कागद आतच आहे, हा मात्र कपाटाच्या बाहेरच्या बाजूला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा चिकटवलाय. सगळं तुझ्या हुकमाप्रमाणे केलं. लिहायला तो तिकीटखिडकीवाला कायम. अँटिव्हायरस कॉम्प्युटरबरोबर आलेलाच ठेवला, 'दुसरा आणाल तर दोघे भांडतील' हे पटलं. वहीतले पासवर्ड त्या प्रोग्राममध्ये गेले आणि वही कुलपात. किल्ली कुठे आहे ते या वेळी हिला सांगितलेलं नाही. हिच्या टॅबवर शब्दकोडं आणि वाचणारी बाई, बाकी काही नाही. नकाशांच्या प्रोग्रामचं नाव कळलं, आणि तो लागलासुद्धा.

पण शेवटचा परिच्छेद मी रोज काढून वाचतो. तो तुझ्याच शब्दांत इथे उतरवून ठेवतो, म्हणजे याचीही दुसरी प्रत होईल.

'बाबा, बंद करायचं राहून गेलं नव्हतं. माझा फोन दर महिन्याला मला विचारतो, या फोनला तुमचं ठिकाण दिसतं, चालू ठेवायचं? मी सव्वीस वेळा हो म्हटलंय. सात तारखेला ते बंद झालं हेही फोननेच सांगितलं. त्या संध्याकाळी घरी आले आणि कितीतरी वेळ बूट न काढता बसून राहिले. पोचले, आणि पोचल्याचं कुणालाच कळलं नाही. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. कारण आहे. पुन्हा विनंती पाठवा. अपडेट चालू नव्हतं हे मला तेव्हाच माहीत होतं, तुमच्या चष्म्यात पत्ते दिसत होते. डिस्क खणातच आहे, दर सहा महिन्यांनी काढून चालते का बघते. टपालाने पाठवणार नाही. या शनिवारी माझी सुट्टी आहे.'

हे वाचून मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. ही बाहेरून म्हणाली, "रडा की इथेच, माझ्यासमोर. या वेळी कुणाच्या बाजूने ते मला माहीत आहे."

मुलाला मी फोन करून सांगितलं. त्याच्यापासून लपवून आता काही करायचं नाही असं ठरवलंय. तो म्हणाला, "नकाशाचा प्रोग्राम तिलाच नीट बघायला सांगा, मला तो कधीच जमला नाही. आणि बाबा, तिला खिडकीजवळची खुर्ची द्या."

आता चार वाजून दहा मिनिटं झालीत. विनंती गेली, तू हो म्हटलंस, आणि ठिपका समोर आहे. तू साडेतीनला निघालीस. मध्ये एका ठिकाणी सहा मिनिटं थांबलीस, काही आणत असशील तर आणू नकोस, पण आणलंस तर ही आधी रागावेल आणि मग सगळं खाईल. ठिपका पुलावर आला तेव्हा ही गॅलरीत गेली. मी म्हटलं, अगं, खुर्चीत बसून बघायचं ठरलंय ना? ही म्हणाली, "ठिपका तुम्ही बघा. मी पोरगी बघते."

कॉम्प्युटर इतका वेळ बंद होता, तुला सगळं लगेच दाखवता यावं म्हणून मगाशी चालू करून ठेवला. त्याने तेवढ्यात काहीतरी नवीन उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे. पडद्यावर लिहिलंय, बंद करू नका, थोडा वेळ लागेल.

ठिपका कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी आला. आता आमच्या रस्त्यावर. आता आमच्या शेजारच्या इमारतीवर दिसतोय, म्हणजे वीस मीटरचा हिशेब धरला तर तू खाली दारातच असणार. ही गॅलरीतून हाक मारतेय, तुला की मला ते कळत नाही. जिन्यात बूट वाजताहेत.

साहेब, या वेळी खरंच अपडेट चालू आहे. अठ्ठावन्न टक्के झालंय. होऊ दे त्याचं काय व्हायचं ते. मी दार उघडायला उठतो.